खुर्चीचा खटला आणि जमिनीचा खटला

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि पाड्यावर वाचून दाखवण्यासाठी छापत आहोत.)

या शिबिरात कोर्टाचा विषय घ्या, असा निरोप बऱ्याच पाड्यांवरून आला होता. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून केलेले अर्ज कचेरीत पडून आहेत. काहींचा निकाल आपल्या बाजूने लागला, पण समोरच्याने वर जाऊन स्टे आणला. तारखेमागून तारीख पडते, मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं.

त्यामुळे बैठकीत दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "कोर्ट मोठ्यांचंच. तिथं आपलं काय काम? सोडून द्या." दुसरा म्हणतो, "अर्ज केलाय ना? मग आता मोर्चा कशाला, सभा कशाला? निकाल लागला की जमीन आलीच समजा." आमचं म्हणणं असं की ही दोन्ही बोलणी अर्धी आहेत. पण हे नुसतं सांगून पटणार नाही. म्हणून आज एका खटल्याची गोष्ट सांगतो. जमिनीच्या नाही, खुर्चीच्या खटल्याची. देशाच्या पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाने रद्द केली होती, त्या खटल्याची. त्याच्या मागोमाग आणीबाणी आली हे आपण सगळ्यांनी भोगलंय. पण खटल्यात काय झालं, कशावर तो उभा राहिला आणि कशाने आडवा झाला, हे पुष्कळांना नीट माहीत नाही. ते कळलं तर आपल्या खटल्यांत काय करायचं तेही कळेल.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. निवडणूक चुकीच्या मार्गाने जिंकली असं वाटलं तर रस्ता एकच आहे, निवडणूक याचिका. ती हायकोर्टात करायची. निकालापासून ४५ दिवसांच्या आत करायची. दोन हजार रुपये अनामत भरायची. कोण करू शकतो? हरलेला उमेदवार तर करू शकतोच, पण त्या मतदारसंघातला कुठलाही मतदारही करू शकतो. म्हणजे यादीत नाव असलेला आपला सालदारही कायद्याने करू शकतो. दोन हजार रुपये तो कुठून आणणार, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. आणि कायदा असंही म्हणतो की अशा याचिकेचा निकाल होता होईतो सहा महिन्यांत लावावा. हे सहा महिने ध्यानात ठेवा, पुढे त्याची गंमत आहे.

आता १९७१ ची निवडणूक. लोकसभेची मुदत संपायच्या आधीच, २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली आणि मार्च १९७१ मध्ये मतदान झालं. 'गरिबी हटाओ' ही घोषणा तेव्हाची. आपल्यातल्या पुष्कळांनी गाय-वासरावर शिक्का मारला. त्यात चूक होती असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरात दाणा नाही तो गरिबी हटवणाऱ्याला मत देणारच. इंदिराबाईंच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. विरोधकांचा धुव्वा उडाला.

एवढा मोठा विजय झाल्यावर हरलेल्यांनी शंका काढल्या. जनसंघाचे बलराज मधोक दक्षिण दिल्लीत हरले. त्यांचं म्हणणं असं की मतपत्रिकांवर रसायन लावलं होतं. मतदाराने मारलेला शिक्का आपोआप पुसला जाई आणि गाय-वासरावर आधीच उमटवून ठेवलेला, न दिसणारा शिक्का वर येई. शाई परदेशातून आली असंही बोललं गेलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्टाने हसून घालवलं नाही. काही मतपत्रिका तपासून बघा म्हणून परवानगी दिली. पण शाईची गोष्ट टिकली नाही. लोकांच्या तोंडी वर्षभर फिरलेली गोष्ट कागदावर आणली की किती उरते, हे त्यातून दिसलं. आपल्याकडेही "सगळ्यांना माहीत आहे" असं आपण म्हणतो. सगळ्यांना माहीत असलेलं कोर्टाला माहीत नसतं. ते तिथे दाखवावं लागतं.

दुसरी याचिका रायबरेलीची. उत्तर प्रदेशातल्या या मतदारसंघात इंदिराबाईंना १,८३,३०९ मतं पडली आणि समाजवादी राजनारायण यांना ७१,४९९. फरक एक लाखाच्या वर. २४ एप्रिल १९७१ ला राजनारायण यांनी अलाहाबाद हायकोर्टात याचिका दाखल केली. त्यांचे वकील शांतिभूषण. पुष्कळांनी चेष्टा केली, लाखाने पडलेला माणूस कोर्टात काय करणार म्हणून. पण कायद्यात मतांचा फरक मोजत नाहीत. निवडणुकीत कायद्याने बंदी असलेला भ्रष्ट व्यवहार झाला का, एवढंच विचारतात. झाला असेल तर एका मताने जिंकलेला आणि लाखाने जिंकलेला सारखाच.

याचिकेत आरोप पुष्कळ होते. घोंगड्या, रजया, धोतरं आणि दारू वाटली. मतदारांना गाड्यांतून नेलं. गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह वापरलं. विमानदलाची विमानं वापरली. ३५ हजार रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला. यातले बहुतेक आरोप सिद्ध झाले नाहीत. टिकले ते दोनच.

पहिला असा. पंतप्रधानांच्या सभांसाठी व्यासपीठं उभारायला, कर्णे आणि वीज जोडायला, बंदोबस्ताला सरकारी माणसं वापरली. जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट, पोलीस सुपरिंटेंडेंट, बांधकाम खात्याचे इंजिनिअर, वीज खात्याचे इंजिनिअर. सभा १ फेब्रुवारी आणि २५ फेब्रुवारी १९७१ च्या. दुसरा असा. यशपाल कपूर नावाचे पंतप्रधानांच्या सचिवालयातले अधिकारी सरकारी नोकरीत असतानाच रायबरेलीत प्रचाराला लागले.

काही लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी पंतप्रधानांना घालवायचं? मंडप आणि माइकसाठी? परदेशातल्या एका वर्तमानपत्राने तर रस्त्यावरच्या वाहतुकीच्या गुन्ह्याशी त्याची तुलना केली. पण आपण पाड्यावरची माणसं, आपल्याला विचारा. निवडणुकीत ज्याच्या मंडपाला पोलीस पाटील बल्ल्या पुरवतो, ज्याच्या जीपमागे फौजदाराची जीप असते, ज्याच्या सभेला तलाठी माणसं हाकत नेतो, त्याच्या विरुद्ध हात वर करायला किती छाती लागते? मत दिल्यानंतर उद्या त्याच तलाठ्याकडे सात-बाराचा उतारा मागायला जायचं असतं. त्याच फौजदारासमोर उभं राहायचं असतं. सरकारी नोकर कुणाच्या बाजूला उभा आहे हे गरिबाला दुरून दिसतं, आणि त्याचं मत तिथेच अर्धं मरतं. म्हणून कायद्यात ही बंदी आहे. ती आपल्यासारख्यांसाठीच आहे.

हा सगळा खटला तारखांवर उभा राहिला. हे नीट ऐका, कारण आपले खटलेही तारखांवरच उभे असतात.

इंदिराबाई उमेदवार कधी झाल्या? त्या म्हणाल्या, १ फेब्रुवारी १९७१ ला, अर्ज भरला तेव्हा. हायकोर्ट म्हणालं, नाही. २९ डिसेंबर १९७० ला पत्रकारांसमोर तुम्ही जे बोललात त्यावरून तुम्ही रायबरेलीतूनच लढणार हे ठरलं होतं. तेव्हाच्या कायद्यात उमेदवार म्हणजे नुसता अर्ज भरलेला माणूस नव्हे. आपण उभे राहणार असं जो लोकांसमोर वागतो-बोलतो तोही, तेव्हापासूनच, उमेदवार.

कपूर सरकारी नोकरीतून कधी सुटले? त्यांनी राजीनामा १३ जानेवारीला दिला. मंजुरीचं फर्मान २५ जानेवारीला निघालं आणि त्यात लिहिलं, राजीनामा १४ जानेवारीपासून मंजूर. म्हणजे मागची तारीख. हायकोर्ट म्हणालं, मंजुरी निघेपर्यंत माणूस नोकरच, आणि त्याआधी ७ जानेवारीलाच त्यांनी तिथे प्रचाराचं काम केलं. मागची तारीख टाकलेला फेरफार आपण कितीदा पाहिला आहे! दिल्लीतही तेच चालतं, फक्त कागद जाड असतो.

सहा महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो ना? चार वर्षं लागली. मध्ये एकदा सरकारने सांगितलं की पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताची नियमांची वही, जिला 'ब्लू बुक' म्हणत, ती गुप्त आहे, दाखवता येणार नाही. तो वाद सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकारी माणसं जनतेच्या नावाने जे करतात ते जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे. सरकार नुसतं गुप्त म्हणालं म्हणून कागद गुप्त होत नाही, तो बघून कोर्ट ठरवील. पुढच्या वेळी कचेरीत "नक्कल मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर हे वाक्य तोंडावर ठेवा.

१८ आणि १९ मार्च १९७५ ला पंतप्रधान स्वतः अलाहाबादच्या कोर्टात साक्षीला आल्या. शपथेवर उलटतपासणी झाली. आणि १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निकाल वाचला. रायबरेलीची निवडणूक रद्द. सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी. वीस दिवसांची स्थगिती, तेवढ्यात वर जाता यावं म्हणून. एक हायकोर्टाचा न्यायाधीश, चार वर्षांचे कागद, आणि समोर देशातली सर्वांत मोठी खुर्ची. निकाल देता येतो, हे त्या दिवशी दिसलं. म्हणून "कोर्ट मोठ्यांचंच" हे बोलणं अर्धं आहे असं आम्ही म्हणतो.

आता दुसरी अर्धी बाजू.

इंदिराबाई सुप्रीम कोर्टात गेल्या. २४ जूनला सुट्टीतले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अटी घालून स्टे दिला. पंतप्रधान म्हणून राहा, लोकसभेत बसा, बोला, पण खासदार म्हणून मत देऊ नका, पगार घेऊ नका. दुसऱ्या दिवशी, २५ जूनच्या रात्री, आणीबाणी आली. रातोरात पुढारी उचलले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आपल्या भागात काय झालं, कोण किती महिने आत होतं, कुणाच्या घराची झडती झाली, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात काय घडलं ते तारखेने सांगतो.

६ ऑगस्टला निवडणूक कायद्याची दुरुस्ती झाली. दुरुस्तीत काय होतं? एक, उमेदवार म्हणजे ज्याचा अर्ज भरला गेला तोच, आधीचं बोलणं धरायचं नाही. दोन, नोकराच्या राजीनाम्याची सरकारी राजपत्रात छापलेली तारीख हाच शेवटचा पुरावा. तीन, सरकारी नोकराने कामाचा भाग म्हणून जी व्यवस्था केली ती उमेदवाराला मदत समजायची नाही. आणि हे सगळं मागच्या तारखेपासून लागू, चालू असलेल्या अपिलांनाही लागू. ज्या दोन खुंट्यांवर हायकोर्टाचा निकाल टांगला होता त्या दोन्ही खुंट्या काढून घेतल्या.

मग घटनादुरुस्ती, एकोणचाळिसावी. ७ ऑगस्टला लोकसभेत मांडली आणि त्याच दिवशी मंजूर. ८ ऑगस्टला राज्यसभा. लगेच राज्यांच्या विधानसभा बोलावून त्यांच्या संमत्या. १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तेव्हा तुरुंगात होते. चार दिवसांत देशाची घटना बदलली! आपल्या एका फेरफाराच्या नोंदीला किती वर्षं लागतात ते मनात आणा आणि मग हे चार दिवस मोजा. त्या दुरुस्तीत लिहिलं की पंतप्रधानांच्या निवडणुकीला जुना कायदा लागूच नव्हता असं समजावं, ती निवडणूक कधीच रद्द झाली नाही असं समजावं, आणि ती रद्द ठरवणारा निकाल शून्य समजावा. यापुढे पंतप्रधानांची निवडणूक कोर्टापुढे नेता येणार नाही.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९७४ मध्ये, दिल्लीच्या एका मतदारसंघाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द करताना सांगितलं होतं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरायचा. नाहीतर पैसेवाल्या पक्षापुढे गरिबाचा उमेदवार उभाच राहू शकणार नाही. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढला, पक्षाचा खर्च धरायचा नाही. पुढे त्याचा कायदाही केला. तो २००३ पर्यंत तसाच होता. निवडणुकीत पैसा कुठून येई आणि कुणाच्या नावे लिहिला जात नसे, त्याचं उत्तर या वटहुकमात होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या जमिनीशी थेट जोडलेली आहे. घटनेच्या शेवटी परिशिष्टं आहेत, त्यांतलं नववं. ते १९५१ साली जोडलं. कशासाठी? जमीनदारी मोडणारे आणि कुळांना हक्क देणारे कायदे राज्यांनी केले की जमीनदार कोर्टात जात, म्हणत आमच्या मालमत्तेच्या हक्कावर गदा आली, आणि कायदे अडकून पडत. म्हणून ठरलं की या परिशिष्टात ज्या कायद्याचं नाव लिहिलं त्याला मूलभूत हक्कांच्या नावाने धक्का लावता येणार नाही. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते, सगळे जमिनीचे. आपला मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ चा, त्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे ही कणगी कुळासाठी बांधली होती, जमीनदाराच्या वकिलापासून गरिबाचा दाणा वाचावा म्हणून.

ऑगस्ट १९७५ च्या त्या दुरुस्तीने याच कणगीत काय भरलं? निवडणुकीचा कायदा आणि त्याची नवी दुरुस्ती. आणि मिसा. ज्या मिसाखाली माणसं चौकशीशिवाय आत टाकली तो मिसा, कुळाच्या कायद्याच्या शेजारी! गरिबाच्या नावाने बांधलेली जागा खुर्चीने बळकावली. आपल्याकडे गावठाणात सोसायटीचं गोदाम आदिवासींच्या नावाने बांधतात आणि आत पोती दुसऱ्याचीच असतात, तसं.

सुप्रीम कोर्टाचा निकाल ७ नोव्हेंबर १९७५ ला लागला. पाच न्यायाधीश होते. सरन्यायाधीश रे, खन्ना, मॅथ्यू, बेग आणि आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. निकालाचे दोन भाग आहेत. पहिला भाग, घटनादुरुस्तीतलं पंतप्रधानांची निवडणूक परस्पर वैध ठरवणारं कलम कोर्टाने रद्द केलं. संसदेला कायदा करता येतो, पण स्वतःच एका खटल्याचा निकाल लावता येत नाही. कुठल्या कायद्याने, कुणाचं ऐकून ठरवलं ते काहीच न सांगता अमका जिंकला म्हणणं हा कायदा नव्हे. आणीबाणीत हे म्हणायला धीर लागतो, हे आम्ही मान्य करतो.

दुसरा भाग, निवडणूक कायद्यातली ६ ऑगस्टची दुरुस्ती कोर्टाने धरली, मागच्या तारखेपासून. आणि त्या नव्या कायद्याने मोजल्यावर गुन्हा उरला नाही. निवडणूक वैध ठरली. एका हाताने तत्त्व वाचवलं, दुसऱ्या हाताने खुर्ची. राजनारायण तेव्हा तुरुंगात होते. तत्त्व त्यांना मिळालं, निकाल मिळाला नाही.

आणि त्याच कोर्टाने पुढच्या एप्रिलमध्ये, २८ एप्रिल १९७६ ला, असंही ठरवलं की आणीबाणीत धरून नेलेल्या माणसाला, मला का धरलं, असं कोर्टाला विचारता येणार नाही. पाचातल्या चौघांनी तसं म्हटलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. पुढे सरन्यायाधीश व्हायचा त्यांचा नंबर होता, तो डावलला गेला. म्हणून कोर्ट एकाच रंगाचं नसतं हेही लक्षात ठेवा.

मग शेवट कुठे झाला? मार्च १९७७ मध्ये, रायबरेलीतच. मतपेट्या उघडल्या तेव्हा इंदिराबाई त्याच राजनारायण यांच्याकडून ५५,२०२ मतांनी पडल्या. जो निकाल कायदा बदलून पुसला होता तो तिथल्या शेतकऱ्या-मजुरांनी पुन्हा लिहिला. कुणी म्हणेल, मग कोर्टाचा काय उपयोग झाला? आम्ही म्हणतो, झाला. चार वर्षांच्या खटल्याने जे कागदावर आलं, कोणत्या अधिकाऱ्याने काय केलं, कुठली तारीख खरी आणि कुठली मागून टाकलेली, ते देशाला कळलं होतं. दंडुक्याने तोंड बंद करता आलं, कळलेलं परत घेता आलं नाही. खटल्याने लोकांच्या हातात पुरावा दिला. लोकांनी त्या पुराव्याचं काय करायचं ते केलं.

साथींनो, आता आपल्याकडे येऊ. कुणी विचारील, मागच्या तारखेपासून कायदा लावणं वाईट असं तुम्ही म्हणता, पण आपल्या जमिनी परत करायचा कायदाही मागच्या तारखेपासूनच आहे. बरोबर आहे. १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूद केली. सतरा वर्षं मागे जाणारा कायदा आहे तो. मग त्यात आणि खुर्चीच्या कायद्यात फरक काय? फरक हा, की आपला कायदा एका माणसासाठी नाही, तो लुटलेल्या सगळ्यांसाठी आहे. तो चौकशी बंद करत नाही, चौकशी सुरू करतो. त्यात समोरच्यालाही नोटीस जाते, त्यालाही बोलता येतं. खुर्चीच्या कायद्यात कायदा करणाऱ्यानेच स्वतःला सोडवून घेतलं. म्हणून नुसतं मागची तारीख बघून बरं-वाईट ठरवू नका. कायदा कुणी केला, कुणासाठी केला आणि तो तोंड उघडतो की बंद करतो, हे विचारा.

आणि हेही विचारा की आपल्यासाठी केलेला कायदा उद्या असाच चार दिवसांत बदलला तर? पंतप्रधानांविरुद्धचा निकाल बदलता येतो, तर एका भिल्लाच्या किंवा पावऱ्याच्या तीन एकरांच्या निकालाची काय कथा? जमीनवाल्यांची माणसं मुंबईत आहेत, आमदार त्यांच्या ओसरीवर चहा घेतात. आपला कायदा कागदावर राहतो तो आपण रस्त्यावर असतो म्हणून. ज्या दिवशी "निकाल लागेल तेव्हा लागेल" म्हणून आपण घरी बसू, त्या दिवशी कुणीतरी एखादी व्याख्या बदलायला बसलेला असेल. 'आदिवासी' म्हणजे कोण, 'हस्तांतर' म्हणजे काय, 'ताबा' म्हणजे काय. एक शब्द बदलला की शेत गेलं. 'उमेदवार' हा एक शब्द बदलला तेव्हा काय झालं ते आत्ताच पाहिलं.

१९७७ मध्ये नवं सरकार आलं. त्यातले पुष्कळ लोक तुरुंगात होते, त्यांच्याविषयी आपल्याला आपुलकी आहे. पण पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या वर ठेवणारं ते कलम, कोर्टाने रद्द केलेला तुकडा सोडून, तेव्हाही घटनेच्या पुस्तकात छापलेलं होतं. ते १९७८ च्या घटनादुरुस्तीने काढलं.  पक्षाच्या खर्चाचा कायदा बदलायला मात्र २००३ साल उजाडलं. खुर्चीवर माणूस बदलला म्हणून खुर्चीची सवय बदलत नाही.

तर या शिबिरातून जाताना कामं घेऊन जाऊ.

पहिलं, कागद. प्रत्येक पाड्यावर ज्याची जमीन गेली त्याच्या सात-बाराचे उतारे, जुने आणि नवे, फेरफाराच्या नक्कला, शेतसाऱ्याच्या पावत्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, जे असेल ते एका पिशवीत घालून पुढच्या बैठकीला आणा. वाचता येत नसलं तरी आणा, वाचणारी पोरं आपल्यात आहेत.

दुसरं, तारखा. जमीन कधी गेली? "अमक्या दुष्काळात", "थोरलीच्या लग्नाच्या साली" असं चालेल, आपण मिळून साल काढू. ते १९५७ आणि १९७४ च्या मधलं आहे का बघू. आणि ६ जुलै १९७४ नंतर परवानगीशिवाय लिहून घेतलेलं असेल तर तो वेगळा खटला, तोही करू. अर्जाची मुदत कचेरीत लेखी विचारायची आणि उत्तर लेखी घ्यायचं.

तिसरं, तारखेला एकट्याने जायचं नाही. ज्याची तारीख त्याच्याबरोबर पाड्यावरचे दहा जण. आत एकच जाईल, पण बाहेर दहा आहेत हे आतल्यांना दिसलं पाहिजे. भाड्याचे पैसे पाड्याने वर्गणी काढून द्यायचे.

चौथं, निकाल आपल्या बाजूने लागला की त्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून शेतात उतरायचं, पंचनामा करून घ्यायचा, नांगर घालायचा. ताबा मिळाला नाही तोवर निकाल म्हणजे कागद.

कोर्टाला पाठ दाखवायची नाही आणि कोर्टाच्या भरवशावर झोपायचंही नाही. अलाहाबादच्या एका न्यायाधीशाने सगळ्यांत मोठ्या खुर्चीविरुद्ध निकाल लिहिला, तो चार दिवसांत पुसता आला, कारण त्या दिवसांत लोकांना घरात कोंडलं होतं. लोक बाहेर आले तेव्हाच तो निकाल पुरा झाला. आपले निकाल आपणच पुरे करायचे आहेत.

पिशव्या विसरू नका.

जिंदाबाद!